मुठीच्या टोकापर्यंत पातं

"चाकूचं माझ्यावर सोडा," असं मी ग्रुपवर लिहून बसले आणि विचार मग केला. माझं हे असंच आहे. आधी बोलते, मग घाम फुटतो.

झालं असं, की आमच्या डोंगर चढणाऱ्यांच्या गटाचा मे महिन्यात उत्तराखंडला जायचा बेत ठरला. आठ दिवस चालायचं, हमाल नाही, खेचर नाही, ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर. गटात आम्ही नऊ जण. बाकी सगळे परभणीचे, मी एकटी गंगाखेडची. प्रमुख म्हणजे एक दातांचे डॉक्टर, पन्नाशी उलटलेले, बोलायला मऊ पण सामानाच्या यादीत कडक. त्यांनी सामाईक सामान वाटून दिलं. कुणाकडे स्टोव्ह, कुणाकडे दोर, कुणाकडे औषधं. शेवटी राहिला चाकू. त्यापुढे डॉक्टरांनी लिहिलं होतं, "घडीचा नको. थंडीत बोटं बधिर झाली की घडीचा चाकू आपल्याच बोटांवर मिटतो. सरळ आणि दणकट हवा. आठ दिवस नऊ माणसांना एकच चाकू आहे, तेव्हा जबाबदारीने आणा." त्याखाली गटातल्या एका इंजिनिअरने लिहिलं, "हे काम मॅडमना नका देऊ, त्या भाजीचा चाकू आणतील." आणि पुढे दात काढणारे तीन चेहरे टाकले.

माझं डोकंच फिरलं. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी. राणीसावरगावच्या बाजूला झेडपीच्या शाळेवर गणित शिकवते. दर रविवारी पाठीवर बारा किलो घेऊन तिथले डोंगर चढते-उतरते, आणि हा मला भाजीचा चाकू दाखवतो? टाकलं लिहून. माझ्यावर सोडा म्हणाले.

खरं सांगायचं तर चाकूतलं मला काडीचं कळत नव्हतं. आमच्या घरात पात्याचं कळणारं माणूस एकच, माझी माय. घरात आम्ही दोघीच असतो, म्हणजे विचारायला ती शेजारच्या खोलीतच होती. पण तिला विचारायला माझी जीभ रेटेना. पात्याचा विषय आमच्या घरात चोवीस वर्षं बंद होता, आणि तो मीच बंद केलेला होता.

माय ऊसतोडीला जायची. मी सहा वर्षांची असताना बाप तापाने गेला. त्यानंतर दसरा झाला की माय मला वसतिगृहात सोडायची आणि टोळीबरोबर निघायची, ती उन्हाळ्यात परत यायची. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. एकटं माणूस असेल तर तो अर्धा कोयता. ट्रक भरायच्या वेळी मुकादम मोठ्याने मोजायचा, "दहा कोयते, अकरा कोयते, साडेअकरा." ते साडे म्हणजे माझी माय. मी वसतिगृहाची पेटी धरून रस्त्याच्या कडेला उभी असायचे आणि मला ते ऐकू यायचं. वसतिगृहात कुणी विचारलं तर मी सांगायचे, माझी आई शेती करते.

पुढे मी डी.एड. झाले आणि शिक्षिकेच्या नेमणुकीचा कागद आला. त्या दिवशी मी काय केलं, तर दाराच्या मागे फडक्यात गुंडाळून ठेवलेला मायचा कोयता उचलला, गंगाखेडच्या पुलावर गेले आणि गोदावरीत भिरकावून दिला. घरी येऊन म्हटलं, "माय, संपलं बघ. तुझा कोयता मी गंगेत टाकला. आता तू कुणाच्या फडात वाकायचं नाही." माय पीठ मळत होती. ती "बरं" म्हणाली आणि मळत राहिली.

ही गोष्ट मी नंतर किती ठिकाणी सांगितली असेल! जयंतीच्या कार्यक्रमात, मुलींच्या बक्षीस समारंभात, एकदा तर तालुक्याच्या शिक्षकांपुढे. 'आणि मी तो कोयता नदीत फेकला' असं म्हटलं की टाळ्यांचा कडकडाट. डोंगरवाल्या गटातही सांगितली होती, तेव्हा डॉक्टरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मायही कार्यक्रमांना यायची. पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसायची आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायची. मला वाटायचं, किती समाधान झालंय माझ्या मायला.

आता मला सांगा, एवढं केल्यावर 'माय, पातं कसं पारखायचं गं' हे कोणत्या तोंडाने विचारू? मी गुपचूप ऑनलाइन मागवला.

चार दिवसांत खोकं आलं. काय तो चाकू! काळाकुट्ट, वीतभर पातं, पाठीला करवतीसारखे दात, आणि मुठीच्या बुडाशी चक्क होकायंत्र. मी खूश. होकायंत्र परभणीच्या दिशेला धरून मी त्या इंजिनिअरला मनातल्या मनात चार शब्दही ऐकवले. माय ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. ती एकदा चाकूकडे बघायची, एकदा शेंगांकडे.

"बगू," ती शेवटी म्हणाली.

मी दिला. तिने तो पात्याकडून धरला आणि मूठ ओट्याच्या फरशीवर हळूच आपटली. मग कान जवळ नेऊन परत आपटली.

"पोकळ हाय गं."

"पोकळ कशाला असेल? आत सामान ठेवायला जागा आहे." मी होकायंत्राचं झाकण फिरवून उघडलं. आतून सहा आगकाड्या पडल्या, एक गळ पडला, दोऱ्याची गुंडाळी पडली आणि एक सुई. मायने मुठीत बोट घातलं, आतल्या आत चाचपलं.

"आन पातं कुटं हाय? हे तर एवढंसं बोटाएवढं आत आलंय. वर नट आवळलाय." ती हसायलाच लागली. तोंडाला पदर लावून हसायला लागली. "मुठीत दुकान हाय बाई, पातं न्हाई!"

मला असला राग आला! सांगते ना, माझा राग लवकर येतो आणि येताना अक्कल घरी ठेवून येतो. मी म्हटलं थांब, दाखवतेच तुला. अंगणात बाभळीची लाकडं होती. त्यातल्या एका ओंडक्यात मी चाकू खुपसला आणि मूठ धरून दाबला. कट्ट. मूठ माझ्या हातात, पातं बाभळीत. होकायंत्र गडगडत मोरीपाशी गेलं.

माय हसायची थांबली. ओंडक्यापाशी आली, पातं बाभळीतून हलवून हलवून काढलं आणि माझ्या दोन्ही हातांची बोटं उलटीसुलटी करून पाहिली, कुठं कापलंय का. मग म्हणाली, "हितं तुटला ते बरं झालं. तिकडं वर तुटला असता तर? नऊ जणांची जिम्मेदारी घेतलीस ना?"

"तुला कसं कळलं?"

"फोनवर बोलतीस ते भिताडाला ऐकू येतं." शेंगांचं सूप तिने बाजूला सरकवलं. "आता इचार मला. कवापास्नं वाट बगायले, कवा इचारतीस."

तेव्हा विचारलं. पोरीसारखी मान खाली घालून विचारलं. "माय, तू निवडून देशील?"

"देते की," ती म्हणाली. "आइतवारी जाऊ. पर सकाळी न्हाई. सांजच्याला."

मला आधी वाटलं, उन्हामुळे म्हणत असेल. तसं नव्हतं. त्यांच्या टोळीत नवीन कोयता कधी सकाळी घेत नसत. दिवसभराची तोड झाली, मोळ्या बांधून गाडी भरली, हात सुजून आले, की मग लोहाराकडे जायचं आणि त्या हाताने कोयता उचलून बघायचा. "सकाळी समदेच कोयते हलके लागतेत," माय म्हणाली. "सकाळी घेतला तर लोहार हसतोय आपल्याला."

म्हणून त्या रविवारी तिने माझा हात दमवायला घेतला. काय सांगू तुम्हाला! पहाटेच उठवलं. परसात तुराट्यांचा ढीग होता, तो तोडून मोळ्या बांधायला लावल्या. त्या झाल्या तर गोधड्या काढल्या, चार. त्या धुऊन पिळून वाळत घातल्या. मी म्हटलं, "माय, मी शिक्षिका आहे, जरा दम खाऊ दे." तर म्हणते, "डोंगरावर कुनाला सांगतीस, मी मास्तरीन हाय म्हणून?" दुपारच्या गाडीने परभणीला निघालो, तर पाठीवर ट्रेकची भरलेली सॅकही घ्यायला लावली. बारा किलो. गाडीत जागा होती तरी ती मला बसू देईना. समोरची बाई मायला म्हणाली, "कुठं निघाल्या ह्या?" माय म्हणाली, "चाकू घ्यायला." ती बाई पुढच्या स्टेशनपर्यंत आमच्याकडे टक लावून बघत होती.

परभणीच्या बाजारात शेतीच्या अवजारांचं एक जुनं दुकान आहे. दुकानदार म्हातारे गृहस्थ, डोक्यावर जाळीची टोपी, चष्मा दोरीने गळ्यात. हल्ली ट्रेकवाले यायला लागले म्हणून विळे-कोयत्यांच्या शेजारी त्यांनी तसले चाकूही ठेवलेत. मी सॅक पाठीवर घेऊनच काउंटरला टेकले. खांदे भरून आले होते आणि मुठी वळत नव्हत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, तर मायने ती स्वतःकडे ओढून घेतली.

"पोरीचा हात दमलाय, पर गार न्हाई," ती त्यांना म्हणाली. "बर्फावर जायलीय ती. थोडा बर्फ मिळंल का?"

दुकानदारांना त्यात काही विचित्र वाटलं नाही, याचंच मला नवल. त्यांनी शेजारच्या रसवंतीतून भांडंभर बर्फ मागवला. त्यात माझे दोन्ही हात मनगटापर्यंत. बोटं आधी ठणकली, मग लाल झाली, मग माझी राहिलीच नाहीत. रसवंतीवरची दोन-चार माणसं रस पीत तमाशा बघायला आली. एकाने विचारलं, "काय झालं, भाजलं का?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो ग्लास घेऊन परत गेला.

"आता उचल," माय म्हणाली.

दुकानदारांनी सहा चाकू मांडले होते. पहिला लालभडक मुठीचा. ओल्या बधिर हातात तो साबणासारखा फिरला आणि काउंटरवर पडला. मायने तो नुसता बाजूला सारला. दुसऱ्याला पाठीवर दात होते. "हे दात कामून? पाठीवर अंगठा ठेवून जोर द्यायचा असतोय. अंगठा फाटून घ्यायचा का?" तिसरा मला फार आवडला. जाड, रुंद, हातभर, धरला की अंगात वीरश्री येईल असा. मी म्हटलं, "माय, हाच. दणकट पाहिजे म्हणालेत डॉक्टर."

"बरं. मनगट फिरव. शंभर बार."

तिसाला माझं मनगट गेलं.

"हा चवथ्या दिवशी पिशवीच्या बुडाला जातोय," माय म्हणाली. "मंग तुमी दातानं दोर तोडता. दणकट म्हंजे जड न्हाई बाई."

चौथा आणि पाचवा तिने मूठ आपटून, कानाजवळ नेऊन बाद केले. सहावा अगदी साधा. पातं माझ्या तळहाताएवढं, पाठ दोन नाणी एकावर एक ठेवल्याइतकी जाड, चकाकी नाही की अक्षरं नाहीत. मुठीला दोन बाजूंनी लाकडाच्या दोन फळ्या, तीन पितळी खिळ्यांनी ठोकलेल्या. माझ्या बधिर हातात तो गपगुमान बसला. मी मूठ वळली, तर वळली गेली. मायने तो माझ्या हातातून घेतला, पातं आणि मूठ जिथे भेटतात तिथे आपल्या बोटावर आडवा तोलला. बोट हलेना, चाकूही हलेना. मग तिने मुठीच्या कडेवरून नख फिरवलं, पार टोकापर्यंत आणि दुसऱ्या बाजूने परत.

"हे बग. दोन फळ्यांच्या मधात लोखंड दिसायलंय का? मुठीच्या टोकापर्यंत गेलंय. पातं आन मूठ येकच हाय. उद्या लाकूड फुटलं, खिळे गेले, तरी वर चिंधी गुंडाळायची आन काम करायचं. अर्ध्या मुठीचं कदी घेऊ नये."

दुकानदार म्हणाले, "अम्मा, तो गंजतो हां. स्टेनलेस घ्या, चमक जात नाही."

"गंज पुसता येतोय, चाचा. खोबऱ्याचं तेल लावलं की झालं. धार दगडावर लागली पायजे. तुमच्या चमकवाल्याला वर डोंगरात कोन धार लावून देतंय?"

दुकानदारांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि पहिल्यांदा मायकडे नीट पाहिलं. ती तेव्हा चाकू घेऊन दोन पावलं मागे सरली होती. कमरेत वाकली, डावा हात पुढे नेला, जसं काही मुठीत ऊस धरलाय, आणि उजव्या मनगटाने जमिनीलगत एक घाव घातला. हवेतच. सत्तरी ओलांडलेली माझी माय, जिना कठडा धरून चढते. तो घाव मला दिसलाही नाही, नुसता आवाज आला.

"किती हंगाम तोडलात, अम्मा?" दुकानदारांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"सतरा."

"जोडीनं?"

"येकलीनं."

"म्हणजे अर्धा कोयता."

"पयले धा हंगाम अर्धा," माय म्हणाली. "मंगचे सात, अख्खा."

मी तिच्याकडे बघतच राहिले. हे मला माहीत नव्हतं. माझ्या मायचं हे मला माहीत नव्हतं, आणि मी तिच्यावर भाषणं देत फिरत होते.

दुकानदारांचाही विश्वास बसेना. एकट्या बाईला अख्खा कोयता कोण धरतो? तेव्हा मायने सांगितलं. अकराव्या हंगामाला टोळीतलं एक जोडपं आजारी पडून गावी परत गेलं. मुकादम ओरडत होता, एक कोयता कमी पडला म्हणून. माय पुढे झाली आणि म्हणाली, जोडप्याला देता तेवढ्या सऱ्या मला द्या आणि संध्याकाळी मोळ्या मोजा. सगळी टोळी हसली. आठ दिवस तिने जोडप्याइतक्या मोळ्या टाकल्या. नवव्या दिवशी सकाळी मुकादमाने फडात सगळ्यांपुढे बोट दाखवून मोजलं, "अकरा कोयते." साडे म्हणाला नाही.

"त्याच सांजेला लोहाराकडं गेले," माय म्हणाली. "तवर मी माह्या नवऱ्याचा कोयता वापरायची. त्याची मूठ मला मोठी व्हायची. मी म्हनलं, आता माह्या हाताच्या मापानं बनव. पातं मुठीच्या टोकापर्यंत घे. सात हंगाम चालला, खिळा हालला न्हाई."

"वा अम्मा, वा! मग तो कोयता असेल ना अजून? आणा की एकदा, मला बघायचाय."

माझे हात अजून गार होते, पण कानशिलं तापली. मायने चाकू काउंटरवर ठेवला. पदर सारखा केला.

"न्हाई," ती म्हणाली. "गंगेत पडला. पुलावरून जाता जाता."

"अरेरे. हातातून निसटला?"

"व्हय. निसटला."

दुकानदार चाकू कागदात गुंडाळत होते. इतक्या सभांमधून ती गोष्ट न अडखळता सांगणारी मी, त्या काउंटरपुढे खाली बघून पैसे मोजायला लागले.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर मी पाठीवरची सॅक उतरवली. मायने पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून दिला. तो माझ्या हातात तसाच राहिला.

"माय, तो निसटला नाही. मी फेकला."

"मला ठावं हाय की."

"मग खोटं कामून बोललीस?"

"त्या मानसाला कशाला सांगायचं, माह्या लेकीनं फेकला म्हणून? तू सोबत उभी होतीस. तुझी इज्जत हाय ना."

मला रडू आलं. लोक येत-जात होते, मी तशीच रडले. "अगं, मला तेव्हाच का नाही सांगितलंस, कोयता कुठला होता ते?"

"कागद हातात घेऊन नाचायलीस तू. नवकरी लागली. त्या टायमाला मी कोयत्यासाठी रडू का?" ती म्हणाली. "मला वाटलं, पोरीला माही लाज वाटायलीय. वाटू दे म्हनलं. लाजंनं का व्हईना, शिकली ना. मंग तू भाषनात सांगायलीस. लोक टाळ्या वाजवायले. मी पन वाजवल्या."

"लाज वाटायची," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "वसतिगृहात मी सांगायची, आई शेती करते. मी चुकले, माय."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे गं, झालं ते झालं. आया म्हणतात तसं.

"चुकलीस," माय म्हणाली. "लय चुकलीस. ते माहं होतं. मला इचारायचं होतंस."

बरं वाटलं मला, खरंच सांगते. चोवीस वर्षांनी का होईना, तिने माझ्यावर राग काढला. गाडी आली तेव्हा सॅक उचलायला ती मदत करायला लागली, तर मी तिला हात लावू दिला नाही. आत जागा मिळाली. ती खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी, आणि चाकू तिच्या मांडीवर. गंगाखेड येईपर्यंत तिने मला धार लावायचं शिकवलं. दगड ओला किती करायचा, पातं किती तिरकं धरायचं, बोटाने न तपासता नखाने कसं तपासायचं. मीही मुलांसारखे प्रश्न विचारले. दोनदा तिने "तुला येवढं बी समजंना का?" असं ऐकवलं.

रात्री घरी आल्यावर मी चाकूचा फोटो ग्रुपवर टाकला, एक समोरून आणि एक मुठीच्या कडेचा. डॉक्टरांचा लगेच मेसेज आला. "वा! पातं पूर्ण मुठीतून गेलंय. असाच पाहिजे होता. ही पारख कुणाची?" त्या इंजिनिअरनेही लिहिलं, "मॅडम, मानलं." मी त्याला उत्तर दिलं नाही. डॉक्टरांना मात्र लिहायला बसले. फार खोडाखोड करून लिहिलं.

"चाकू माझ्या आईने निवडला. ती ऊसतोड मजूर होती. तिचा कोयता मी नदीत फेकला, ही गोष्ट मी तुम्हाला अभिमानाने सांगितली होती आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. तो कोयता तिने कमावलेला होता. तो फेकायचा मला काही अधिकार नव्हता. यापुढे मी ती गोष्ट तशी सांगणार नाही."

पाठवायच्या आधी फोन मायपुढे धरला. विचारायचं शिकले होते ना नुकतंच. प्रौढ वर्गात ती वाचायला शिकली, पण बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचते. तिचं बोट दुसऱ्या ओळीवर आलं आणि थांबलं.

"हे मजूर खोड."

"मग काय लिहू?"

"अख्खा कोयता लिव्ह."

"माय, परभणीचे लोक आहेत ते. डॉक्टर, इंजिनिअर. त्यांना कळणार नाही, अख्खा कोयता म्हणजे काय."

"न्हाई कळलं तर इचारतेल," माय म्हणाली. "मंग सांग. भाषनं करायला तर तुला लय येतंय."

मी मजूर खोडलं. 'ती अख्खा कोयता होती' असं लिहिलं आणि पाठवलं. दहा मिनिटांत आठही जणांनी विचारलं, म्हणजे काय?

मी मायच्या शेजारी बसले आणि सांगायला सुरुवात केली. जिथे चुकत होते, तिथे ती दुरुस्त करत होती.